गोऱ्यांचं कबरस्तान पाडावं का? मराठवाड्यातल्या इंग्रजी खुणांबद्दल थोडं सविस्तर

तालुक्याच्या एका गावातल्या शिक्षकांनी विचारलं आहे: "आमच्या गावात पूर्वी छावणी होती. गावाबाहेर दीडेक एकरात गोऱ्यांचं कबरस्तान आहे आणि त्याला लागून पडका डाकबंगला. ही जागा मोकळी करून तिथं व्यापारी संकुल बांधावं, असा विषय नगरपरिषदेत आला आहे. तरुण मंडळी म्हणतात, गुलामीच्या खुणा कशाला सांभाळायच्या? काही जण म्हणतात, हा वारसा आहे. लोकांच्या मनात खरोखर काय असतं, आणि आम्ही काय भूमिका घ्यावी?"

गुरुजी, नमस्कार. मी तीस वर्षं जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो आहे. गढ्या, वेशी, बारवा, दर्गे, देवळं आणि अधूनमधून तुम्ही म्हणता तसली गोऱ्यांची कबरस्तानं. त्या अनुभवातून एक गोष्ट आधी सांगतो. मराठवाड्यात अशा जागेबद्दलचा राग सगळ्यांत आधी आलेला मी कधी पाहिला नाही. आधी शेजारून रस्ता जातो, मग जागेला भाव येतो, मग गुत्तेदार फेऱ्या मारू लागतात आणि त्यानंतर "गुलामीची खूण" हा शब्द बैठकीत ऐकू येतो. तुमच्या गावातल्या तरुणांच्या भावनेवर मी शंका घेत नाही. पण ठरावावर बोट वर करण्याआधी तो विषय कुणी आणि कधी मांडला, एवढं जरूर बघा.

आता लोकांना काय वाटतं ते. मुंबई-पुण्याच्या चर्चा आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत. मुंबईत इंग्रज राजा-राणीचे पुतळे चौकाचौकांत होते. 1896 साली दामोदर चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून चपलांची माळ घातली होती. तो राग खरा होता, कारण तो पुतळा रोज डोळ्यांसमोर मिरवत होता. पुढं 1965 मध्ये काळा घोडा, म्हणजे एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, राणीच्या बागेत नेला, तेव्हाही लोकांना ते पटलं. मराठवाड्यात असे पुतळेच नव्हते. आपल्या नाण्यावर, स्टॅम्पावर, दरबारात निजाम होता. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, हैदराबादेत बसायचा आणि आपल्या वाट्याला आल्या त्या छावण्या: औरंगाबाद, जालना, हिंगोली, आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. म्हणून जुन्या माणसांसमोर "गुलामी" म्हटलं की त्यांना इंग्रज आठवत नाही. रझाकार आठवतात, धान्याची लेव्ही आठवते, घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात काढलेले दिवस आठवतात. आपलं स्वातंत्र्यही 15 ऑगस्टला आलं नाही, ते 17 सप्टेंबर 1948 ला आलं. गावोगावची हुतात्मा स्मारकं त्या लढ्याची आहेत, आणि लोक तिथं अजून फुलं वाहतात.

याचा अर्थ इंग्रजांनी आपलं काही बिघडवलं नाही, असा मात्र कुणी काढू नये. निजामाचं नाव वर होतं आणि तोफ मागं इंग्रजांची होती. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज ठेवली गेली. अधिकारी गोरे, पगार निजामाच्या, म्हणजे शेवटी आपल्या रयतेच्या, खिशातून. त्या पगाराची बाकी थकत गेली आणि 1853 च्या तहात वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडं आला. त्यानं रस्ते आणि तलावांची कामं हाती घेतली, हे खरं. पण तो मुलूख कर्जापोटी लिहून घेतलेला होता, हेही खरं. 1860 मध्ये नळदुर्ग निजामाला परत मिळालं, वऱ्हाड मिळालं नाही. नळदुर्गचा किल्ला बघायला येणारा माणूस पाणीमहालावरून कोसळणारी बोरी नदी बघतो आणि परततो. तिथं सात वर्षं इंग्रजांचा अंमल होता, हे त्याला कुणी सांगत नाही.

आणि 1857. औरंगाबादेत कंटिन्जंटच्या घोडदळानं जूनमध्ये बंड केलं. आपल्याला निजामाच्या हद्दीबाहेर, दिल्लीकडं आपल्याच माणसांवर नेणार, असा त्यांचा संशय होता. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंड चिरडलं गेलं. कुणाला फाशी झाली, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. आजच्या क्रांती चौकाजवळचा काळा चबुतरा म्हणजे तीच जागा, असं शहर सांगत आलं आहे. संभाजीनगरात कुठलंही आंदोलन उभं राहिलं की माणसं क्रांती चौकात जमतात. त्यांतल्या किती जणांना या नावामागचे ते स्वार माहीत असतील? गुलामीच्या खुणा पुसायच्या असं म्हणताना आपण ज्यांनी प्रतिकार केला त्यांच्याही खुणा पुसत असतो, याची काळजी मला खरोखर वाटते. छावणी काय होती हेच ज्याला दिसत नाही, त्याला बंड कशाविरुद्ध होतं ते कसं समजावणार?

हिंगोलीला गेलात तर मोहल्ल्यांची नावं ऐका. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. फौज जाऊन शंभर वर्षं उलटली. बायाबापड्या रिक्षावाल्याला अजून "रिसाल्यात सोड" म्हणतात. ही नावं कुणी जपली नाहीत आणि कुणी पुसलीही नाहीत. ती लोकांची झाली. कंटिन्जंटच्या पायदळाचं पुढं काय झालं, तेही पोरांना सांगा. 1903 मध्ये ही फौज हिंदी लष्करात मिसळली, नंतर त्यातून हैदराबाद रेजिमेंट झाली आणि तिचंच नाव 1945 मध्ये कुमाऊं रेजिमेंट झालं. म्हणजे आज सीमेवर उभ्या असलेल्या एका नामांकित रेजिमेंटचं मूळ आपल्या या छावण्यांत आहे.

आता असईबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. जालना जिल्ह्यात कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे छोटं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढ्या जवळ दोन गावं असतील तर ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणार, हे त्यानं ताडलं आणि तिथूनच फौज पलीकडं नेली. आपल्या तोफखान्यानं त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. तरी संध्याकाळी मैदान त्याच्याकडं राहिलं. हाच माणूस पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवून गाजला, आणि उतारवयातही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेत राहिला. ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर असईचं नाव आणि हत्तीचं चित्र चढलं.

आणि आपल्याकडं? कंपनीच्या बाजूचे मेलेले 428, जखमी 1138, असे आकडे कागदावर मोजलेले आहेत. त्यांतले निम्म्याहून जास्त मद्रासकडचे हिंदी शिपाई होते. मराठ्यांच्या बाजूनं पडलेल्यांची मोजदादच नाही, फक्त हजारांत अंदाज आहेत. शिंद्यांच्या तोफांवरचे गोलंदाज तोफेला चिकटून मेले, हे शत्रूनंही लिहून ठेवलं. त्या गोलंदाजांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. मी पहिल्यांदा त्या शिवारात गेलो तेव्हा मका कमरेएवढा होता. काठावर उभं राहून नदीचा उतार बघत होतो. सोबत आलेल्या शेतकऱ्यानं पायताण काढून हातात घेतलं, पाण्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडं जाऊन उभा राहिला. दोनशे वर्षांपूर्वी ज्या उताराचा शोध लागला म्हणून लढाई फिरली, तो उतार तो माणूस रोज ओलांडत होता. मी त्याला लढाईची सगळी हकीकत सांगितली. ऐकून त्यानं एकच विचारलं, आपली किती माणसं गेली? मला आकडा सांगता आला नाही. त्या दिवसापासून इंग्रजांच्या कुठल्याही स्मारकाची पाटी लिहायची वेळ आली की आधी हाच प्रश्न मनात येतो.

म्हणून माझं मत असं आहे की इंग्रजांनी उभा केलेला दगड जागेवर राहू द्यावा आणि त्याच्या शेजारी आपला दगड उभा करावा. त्यांचा दगड पाडला तर आपल्या माणसांची आठवण आपोआप उभी राहत नाही. फक्त जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर काय होतं ते आपण सगळे जाणतो.

दगडाचा अर्थ तो उभा करणाऱ्याच्याच हातात राहतो, असंही नाही. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनीनं स्वतःच्या विजयासाठी बांधला. त्यावरच्या 49 नावांत 22 नावं "नाक" प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले आणि त्या स्तंभाचा अर्थ बदलला. आज मराठवाड्यातून दरवर्षी एसट्या, जीपगाड्या भरून माणसं जातात. म्हातारी बाई नातवाला उचलून स्तंभावरची नावं दाखवते. ती कंपनी सरकारला सलाम करायला गेलेली नसते. ज्यांना शतकानुशतकं अस्पृश्य म्हणून वागवलं, त्यांच्या शौर्याची दगडावर झालेली नोंद ती बघायला गेलेली असते. "इंग्रजांचं ते सगळं गुलामीचं" असं सरसकट बोलणाऱ्यांनी तिच्याशेजारी घटकाभर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या गावातही एका दगडाकडं बघणारी माणसं वेगवेगळ्या वस्त्यांतली असतील. सगळ्यांना बोलावल्याशिवाय ठराव करू नका.

अजिंठ्याची एक गोष्ट पोरांना सहलीला नेताना सांगण्यासारखी आहे. लेणी क्रमांक 10 मध्ये एका खांबावर, चित्रातल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर, जॉन स्मिथ या मद्रासकडच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं आपलं नाव आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख कोरून ठेवली आहे. नाव माणसाच्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा लेणं मातीदगडांनी भरलेलं होतं आणि तो त्या ढिगावर उभा होता. लेणी शोधल्याचं श्रेय त्याच्या नावावर लागतं. खालच्या खोऱ्यातल्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. हे नाव घासून काढा, अशी मागणी मी अनेकदा ऐकली आहे. घासलं तर त्याच्यासोबत दीड-दोन हजार वर्षांचं चित्रही जाईल. ते तसंच राहू द्यावं आणि त्याच्यासमोर उभं राहून पोरांना सांगावं की साहेबानं केलं तरी ते नासधूसच होती. खिळ्यानं नाव कोरणाऱ्या आपल्या पोराला आज दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला 1844 साली आलेल्या मेजर रॉबर्ट गिलनं ती बांधली. त्यावर "माझ्या प्रिय पारोच्या स्मृतीस" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि 23 मे 1856 ही तारीख आहे. गिल स्वतः 1879 मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला आहे. पारो आपल्या मातीतली. त्या कबरीला कुणी गुलामीची खूण म्हटलेलं मी ऐकलं नाही. लोक गाडी थांबवून बघतात. कारण तिथं एक गोष्ट आहे, आणि ती गोष्ट लोकांना आपली वाटते.

तुमच्या कबरस्तानातही गोष्टी आहेत, त्या कुणी वाचलेल्या नाहीत इतकंच. एका गावातला अनुभव सांगतो, नाव सांगत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी तिथल्या गोऱ्यांच्या कबरस्तानाची पाहणी करायला गेलो होतो. वेड्या बाभळीनं सगळं गिळलेलं होतं. लोखंडी कठडे भंगारात गेलेले. संगमरवरी पाटीवर शिशाची अक्षरं बसवलेली असत, ती पोरांनी गळाला वजन म्हणून उचकटून नेलेली. अक्षरं जिथं होती तिथं छोटी छोटी भोकं राहिली होती. एक पाटी जवळच्याच घरी सापडली. मावशी तिच्यावर धुणं धूत होत्या. मला बघून घाबरल्या, पाटी उलटी करून दाखवली. आम्ही ओल्या फडक्यानं पुसली आणि भोकांवरून अक्षरं जुळवत गेलो. चार महिन्यांच्या मुलीची पाटी होती ती. शेजारची दोन वर्षांच्या भावाची असावी, आडनाव तेच, आणि मधे फक्त सहा दिवस. पटकी, म्हणजे कॉलरा, असणार. मी मावशींना अर्थ सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, लेकराची आहे होय, मला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला सोबत घेऊन ती पाटी स्वतः परत नेऊन ठेवली आणि वर हळदीकुंकवाची बोटं लावली. चर्चच्या पाळकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

छावण्यांच्या कबरस्तानांत असेच लोक जास्त आहेत. पंचविशीच्या आतले शिपाई, बाळंतपणात गेलेल्या बायका, लेकरं. मुलूख जिंकणारे सेनापती त्यांत फारसे नाहीत. आणि पुष्कळ ठिकाणी नंतरच्या काळातल्या आपल्याच मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या कबरी त्याच आवारात आहेत. "गोऱ्यांचं" म्हणून जे पाडायला निघाला आहात, तिथं तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलाची पणजी असू शकते. हे आधी तपासा.

डाकबंगल्याचं वेगळं आहे. तिथं भावनेपेक्षा उपयोगाचा विचार करा. त्या बांधकामाच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या असतात, छत उंच, चारी बाजूंनी पडवी. मे महिन्यात आत पाय टाकला की फरक कळतो. अशी वास्तू वाचनालयाला, अभ्यासिकेला फार चांगली. तिचं नुकसान बहुतेक वेळा आपल्याच दुरुस्तीनं होतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतात, ओल आत कोंडते, भिंतीला लोणा, म्हणजे क्षार, लागतो आणि पाच वर्षांत पोपडे पडतात. मग "इमारत धोकादायक" असा अहवाल येतो. दुरुस्ती करायचीच तर चुना, वाळू, विटांची सुरखी आणि जुना गवंडी शोधा. आमचे गवंडी अजून चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो, हे खोटं सांगणार नाही.

उपयोग असला की लोक कुणी बांधलं ते विचारत नाहीत. बार्शी लाइट रेल्वे इंग्रजी कंपनीची होती. 1911 मध्ये ती लातूरपर्यंत आली. अरुंद रुळांची ती गाडी बंद होऊन ब्रॉडगेज आली तेव्हा लातूर-धाराशिवकडची माणसं तिच्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलत होती.

आता भूमिका. तरुणांना वेड्यात काढू नका. त्यांना पुरावा द्या आणि काम द्या. नगर भूमापनाचा उतारा आणि सातबारा काढा, आणि 1954-55 च्या खासरा पत्रकात ती जागा कशी नोंदली आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी जागा चर्चच्या ट्रस्टची किंवा संरक्षण खात्याची निघते आणि नगरपरिषदेचा त्यावर हक्कच नसतो. दफनभूमीत घुसून विटंबना करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे, पूर्वीचं भादंवि 297. हे बैठकीत शांतपणे वाचून दाखवा. राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांना पत्र द्या, पण संरक्षित स्मारक होईल या आशेवर बसू नका. त्याला वर्षं लागतात आणि विभागाकडं पहारेकरी किती कमी आहेत ते मी बघितलं आहे. भारतातल्या जुन्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी ठेवणारी आणि दुरुस्तीला थोडीफार मदत करणारी एक संस्था लंडनमध्ये 1976 पासून आहे, ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया. तिला नोंदी पाठवा. गावाचं उर्दू-फारसी दप्तर वाचणारा एखादा म्हातारा माणूस अजून असेल, तर त्याला आधी गाठा. छावणीत घोडे सांभाळणारे, पाणी भरणारे, बांगड्या विकणारे, फौजेत भरती झालेले आपले लोक त्या कागदांत सापडतात. पाटीवर त्यांची नावं यायला हवीत.

पाटी मराठीत लिहा आणि तिच्यात काही लपवू नका. फौज कुणाच्या पैशावर होती, ती कुणाविरुद्ध वापरली, 1857 मध्ये काय झालं, आणि या आवारात कोण पुरलेलं आहे, सगळं.

सुरुवात नववीच्या मुलांपासून करा. दिवाळीनंतर गवत वाळलं की जा, त्याआधी सापांचं भय असतं. सोबत कोयता, मऊ ब्रश, साधं पाणी आणि एक मोठा आरसा. अॅसिड नाही, तारेचा ब्रश नाही, अक्षरांत ऑइलपेंट भरायचा नाही, खडूही नाही. झिजलेली पाटी सकाळी आठच्या सुमारास आरशानं बाजूनं तिरका उजेड टाकून बघा, समोरून न दिसणारी अक्षरं उठून येतात. प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, नकाशा काढा, पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवा. दीड एकराला चार रविवार लागतील. ती वही नगरपरिषदेच्या बैठकीच्या आधी पूर्ण झाली पाहिजे. आणि बैठकीत ती तुम्ही वाचू नका, मुलांना वाचू द्या.